घोड्याची तपासणी प्रत्येक टप्प्यावर होते, मग मुलाची का नाही? एन्ड्युरन्स रायडिंग आणि लहान स्वारांचा प्रश्न

माथेरान किंवा महाबळेश्वरला गेल्यावर मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो, घोड्यावर बसायचं! दहा-पंधरा मिनिटांची फेरी होते. लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि आई-बाबा मोबाईलवर व्हिडिओ काढत बाजूने चालत असतात.

आता अशी कल्पना करा की ही फेरी आठ-दहा तासांची आहे. लगाम मुलाच्याच हातात आहे. रस्ता डोंगरातला, दगडधोंड्यांचा आहे आणि एकूण अंतर आहे ८० किलोमीटर. म्हणजे साधारण मुंबईहून खोपोलीपर्यंत.

अमेरिकेत आणि आणखी काही देशांत मुलं अशा स्पर्धांमध्ये उतरतात. या खेळाला एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात. फिनिश लाईन ओलांडणाऱ्या चिमुकल्या स्वाराचा व्हिडिओ सोशल मीडियावर आला की खाली कमेंट्सचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, ‘मोबाईलवर डोकं खुपसून बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.’ दुसरा विचारतो, ‘आई-बापांना काही कळतं की नाही?’

दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. पण या वादात एक गोष्ट बहुतेक वेळा सुटून जाते आणि तिचं उत्तर या खेळाच्या नियमांमध्येच दडलेलं आहे. ती समजून घेण्याआधी हा खेळ काय आहे ते पाहू.

एन्ड्युरन्स रायडिंग म्हणजे नेमकं काय?

रेसकोर्सवरची शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते. एन्ड्युरन्स ही लांब पल्ल्याची स्पर्धा आहे. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेत, घोडा धडधाकट ठेवून शेवटपर्यंत पोहोचायचं असतं. अंतरं साधारण ४० किलोमीटरपासून १६० किलोमीटरपर्यंत असतात.

या खेळाच्या आधुनिक रूपाची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपपासून धरली जाते. १९५५ मध्ये वेंडेल रॉबी आणि त्यांच्या काही मित्रांनी सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या जुन्या वाटेवरून १६० किलोमीटरचा प्रवास एका दिवसात पूर्ण करून दाखवला. तेव्हापासून ही स्पर्धा सुरू आहे. वेळेची मर्यादा २४ तास असते. सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात आणि पोहोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं.

अमेरिकेत या खेळाची मोठी संघटना म्हणजे ‘अमेरिकन एन्ड्युरन्स राईड कॉन्फरन्स’, म्हणजेच एईआरसी. ती १९७२ मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धांमध्ये ४० किलोमीटरसाठी ६ तास, ८० किलोमीटरसाठी १२ तास आणि १६० किलोमीटरसाठी २४ तास मिळतात. मधली सक्तीची विश्रांतीही याच वेळेत धरलेली असते. या संघटनेचं ब्रीदवाक्य सांगतं की पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं.

‘व्हेट गेट’ काय असतं?

या खेळाचा कणा म्हणजे व्हेट गेट. मार्गावर ठरावीक अंतरावर थांबे असतात आणि तिथे पशुवैद्यक प्रत्येक घोड्याची तपासणी करतात.

सगळ्यात आधी घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजतात. शांत उभ्या असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात. धावताना ते शंभराच्या पुढे जातात. थांब्यावर आल्यावर ठरावीक वेळेत ते साधारण ६० ते ६४ पर्यंत खाली यावे लागतात. आले नाहीत, तर घोड्याची स्पर्धा तिथेच संपते.

त्यानंतर मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच जागेवर आली नाही तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे असं समजतात. हिरडी दाबून रक्त किती वेळात परत येतं ते पाहतात. पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची हालचाल ऐकतात. शेवटी घोड्याला दुडकी चालीने पळवून तो लंगडतो आहे का ते बघतात.

यातल्या एकाही तपासणीत गडबड आढळली तर पशुवैद्यक घोडा बाद करतात. ‘आता फक्त दहा किलोमीटर राहिलेत’ ही विनंती तिथे चालत नाही. अंतिम रेषा ओलांडल्यानंतरही तपासणी होते आणि तेव्हा घोडा लंगडताना दिसला, तर पहिला आलेला स्वारही बाद होऊ शकतो.

इतकी कडक व्यवस्था असण्यामागचं कारण साधं आहे. घोड्याला ‘मला आता जमत नाही’ असं सांगता येत नाही. शिवाय अनेक घोडे थकले तरी सोबतच्या घोड्यांच्या नादाने पळत राहतात. म्हणून त्याच्या वतीने थांबवणारा कुणीतरी तटस्थ माणूस हवा, असं या खेळाने मान्य केलं.

मुलांसाठी नियम काय आहेत?

सगळीकडे एकच नियम नाही.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या एन्ड्युरन्स स्पर्धांमध्ये ज्युनियर आणि यंग रायडर हा गट १४ ते २१ वर्षांचा आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीवर १४ वर्षं ही खालची रेघ आहे.

टेव्हिस कपमध्ये स्वार किमान १२ वर्षांचा असावा लागतो आणि अल्पवयीन स्वारासोबत जबाबदार प्रौढ स्वार असणं बंधनकारक आहे.

एईआरसीच्या स्पर्धांमध्ये १६ वर्षांखालचा स्वार ज्युनियर मानला जातो. तिथे जोर वयाच्या आकड्यापेक्षा ‘स्पॉन्सर’वर आहे. इथे स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारी कंपनी नव्हे, तर मुलाची जबाबदारी घेऊन त्याच्यासोबत पूर्ण मार्ग घोड्यावरून जाणारा प्रौढ. मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. स्पॉन्सरचाच घोडा व्हेट गेटवर बाद झाला, तर मुलाला दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो, नाहीतर तिथेच थांबावं लागतं.

आता घोड्यांच्या वयाचे नियम बघा. एईआरसीमध्ये ८० किलोमीटर किंवा त्याहून लांब स्पर्धेसाठी घोडा किमान ६० महिन्यांचा, म्हणजे पूर्ण ५ वर्षांचा हवा. ४० किलोमीटरच्या गटात किमान ४८ महिन्यांचा. टेव्हिस कपला तर ७२ महिने, म्हणजे ६ वर्षं पूर्ण असावी लागतात. घोड्याची हाडं आणि सांधे पक्के होईपर्यंत त्याच्यावर लांब पल्ल्याचा भार टाकायचा नाही, हा त्यामागचा विचार.

हा हिशेब वर्षांत नाही, महिन्यांत मांडलेला आहे. ‘माझा घोडा साडेचार वर्षांचा आहे, पण अगदी तयार आहे’ हे कुणी ऐकून घेत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र ‘तो आठ वर्षांचा आहे, पण अगदी तयार आहे’ हे वाक्य सर्रास ऐकून घेतलं जातं.

मुलांनी उतरावं असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे

समर्थकांची बाजू तकलादू नाही.

पहिला मुद्दा, हा खेळ मुलाला जबाबदारी शिकवतो. घोड्याला पाणी पाजणं, खोगीर नीट बसलंय का हे बघणं, त्याचा थकवा ओळखणं ही कामं स्वारालाच करावी लागतात. स्वतःआधी दुसऱ्या जिवाचा विचार करायची सवय लागते.

दुसरा मुद्दा, हा मुळात वेगाचा खेळ नाही. बहुतेक अंतर चालत आणि दुडकी चालीने कापलं जातं. मूल अनुभवी, शांत घोड्यावर असेल आणि शेजारी जाणता माणूस असेल, तर धोका बराच कमी होतो.

तिसरा मुद्दा कुटुंबाचा. इथे आजी, आई आणि नात एकाच मार्गावर एकाच दिवशी उतरू शकतात. असे खेळ फार थोडे आहेत.

चौथा मुद्दा, वय हे मोजमाप ढोबळ आहे. चौथ्या वर्षापासून घोड्यांमध्ये वाढलेली ११ वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांपूर्वी लगाम हातात घेतलेला १७ वर्षांचा मुलगा यांच्यात जास्त सुरक्षित कोण?

शेवटचा प्रश्न खरोखर विचार करायला लावणारा आहे. पण घोडेस्वारी येणं ही एक गोष्ट आणि आठ तास घोडेस्वारी करता येणं ही दुसरी.

धोका नेमका कुठे आहे?

*पडणं.* एन्ड्युरन्समध्ये प्रामुख्याने अरबी जातीचे घोडे वापरतात. त्यांचं वजन साधारण ४०० ते ४५० किलो असतं. पाठीवर बसलेल्या स्वाराचं डोकं जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास उंचीवर असतं. घोडा हा मुळात घाबरून पळणारा प्राणी. झुडपातून एखादा पक्षी उडाला तरी तो क्षणात बाजूला उडी घेतो. घोडेस्वारीतल्या गंभीर इजा आणि मृत्यूंमध्ये डोक्याला मार लागणं हे सगळ्यात मोठं कारण आहे. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मानेचे स्नायू कमजोर असतात, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक.

*रिकिबीत पाय अडकणं.* मुलाचं पाऊल लहान असतं. मोठ्यांच्या मापाच्या रिकिबीतून ते आरपार जाऊ शकतं. अशा वेळी मूल पडलं तर पाय अडकून ते फरफटत जातं. म्हणूनच मुलांसाठी पुढून बंद असलेल्या किंवा दाब आल्यावर सुटणाऱ्या रिकिबी आणि टाच असलेले बूट वापरायला सांगतात.

*थकवा.* हा सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका. ‘पळतो तर घोडा, मुलाला काय कष्ट?’ असं वाटणं साहजिक आहे. पण दुडकी चालीत स्वार घोड्याच्या तालावर सतत उठत-बसत असतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा म्हटलं तरी तासाला चार हजारांच्या वर उठाबशा झाल्या! मांड्या, पोट आणि पाठ यांचे स्नायू सतत काम करत असतात. ते थकले की तोल जातो, लगाम सैल पडतो आणि लक्ष उडतं. म्हणजे शेवटच्या टप्प्यात, सगळं आटोक्यात आहे असं वाटत असताना, मूल सगळ्यात कच्च्या अवस्थेत असतं.

*वाढती हाडं.* मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक नाजूक भाग असतो. हाडाची लांबी तिथून वाढते. मुलींमध्ये साधारण १४-१५ आणि मुलांमध्ये १६-१७ व्या वर्षापर्यंत तो पक्का होतो. तोपर्यंत तो आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही कमजोर असतो. मोठ्या माणसाला जिथे मुरगळ येईल, तिथे मुलाच्या वाढीच्या भागालाच इजा होऊ शकते.

उन्हाच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. मुलांना मोठ्यांपेक्षा उष्णता कमी सोसते असं पूर्वी सरसकट मानत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये ही भूमिका बदलली. पुरेसं पाणी, विश्रांती आणि सवय असेल तर मुलं उष्णतेशी मोठ्यांइतकंच जुळवून घेतात, असं तिचं म्हणणं आहे. अडचण अशी की खेळण्याच्या नादात मुलं पाणी प्यायचं विसरतात आणि त्यांना आठवण करून देणारा लागतो.

किती तास म्हणजे जास्त?

मुलांच्या खेळाविषयी क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम सांगितला जातो. मूल आठवड्याला जितके तास एखादा खेळ खेळतं, ते तास त्याच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाने आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त वेळ एकच खेळ खेळू नये.

आता ८० किलोमीटरच्या स्पर्धेचा हिशेब करा. ताशी १० किलोमीटरचा सरासरी वेग धरला तरी नुसतं खोगिरावर आठ तास. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाचा आठवडाभराचा कोटा एकाच दिवसात संपला. त्यात पहाटेचं उठणं आणि मधले थांबे धरलेलेच नाहीत.

धावण्याच्या खेळाशी तुलना करा. मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२ किलोमीटरच्या पूर्ण अंतरासाठी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. धावणं आणि घोडेस्वारी यांचा शरीरावर पडणारा ताण सारखा नाही, हे मान्य. तरीही लांब पल्ल्याच्या खेळात वयाची स्पष्ट रेघ ओढणं ही काही जगावेगळी मागणी नाही, एवढं यातून दिसतं.

मंगोलियात काय घडलं?

मुलं आणि लांब पल्ल्याची घोडेस्वारी हा विषय मंगोलियाशिवाय पूर्ण होत नाही. तिथे दर वर्षी जुलैमध्ये नादाम हा राष्ट्रीय उत्सव होतो. कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती हे त्याचे तीन मुख्य खेळ. २०१० मध्ये युनेस्कोने नादामचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

नादामच्या शर्यतींचे गट घोड्याच्या वयावरून ठरतात. दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत सर्वात कमी अंतराची, दहा-बारा किलोमीटरची असते. पूर्ण वाढलेल्या घोड्यांची २५ किलोमीटरच्या आसपास. आणि या सगळ्या घोड्यांवर स्वार असतात ती मुलं. पूर्वी पाच-सहा वर्षांची मुलंही असायची, नंतर कायद्याने किमान वय ७ ठरवलं. पठारावर वाढलेली ही मुलं चालायला लागल्यापासून घोड्यांमध्ये असतात. शर्यतीआधी ती ‘गीनगो’ नावाची लांबलचक हाळी गातात. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत शेवटच्या आलेल्या घोड्याचाही सन्मान होतो.

ही परंपरा शेकडो वर्षांची आहे आणि तिच्याबद्दल मंगोलियन लोकांना अभिमान आहे. पण काळाबरोबर शर्यतींमागचा पैसा वाढला. श्रीमंत मालक, महागडे घोडे आणि मोठी बक्षिसं आली. उन्हाळ्यातल्या उत्सवापुरत्या असलेल्या शर्यती कडाक्याच्या थंडीतही व्हायला लागल्या. विजयाचा मान मुख्यतः घोड्याला, त्याच्या मालकाला आणि प्रशिक्षकाला मिळतो. पडण्याचा धोका मात्र मुलाच्या वाट्याला येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने या बालस्वारांबद्दल मंगोलियाकडे चिंता व्यक्त केली. देशातूनही आवाज उठला. हेल्मेट, संरक्षक कपडे आणि विमा बंधनकारक झाला आणि थंडीच्या महिन्यांतल्या शर्यतींमध्ये मुलांना उतरवण्यावर निर्बंध आले. वाद अजून मिटलेला नाही. पण ‘आमची मुलं जन्मजात स्वार आहेत’ असं म्हणणाऱ्या समाजालाही शेवटी लिखित नियमांची गरज पडली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आखातातल्या उंटांच्या शर्यती हा टोकाचा धडा

जिथे असे नियम नव्हते, तिथे काय झालं याचं उदाहरण आखाती देशांत सापडतं. उंटांच्या शर्यतीत स्वाराचं वजन जितकं कमी तितकं चांगलं. त्यामुळे पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया अशा देशांतून लहान मुलं तस्करी करून आणली जात. आंतरराष्ट्रीय दबाव वाढल्यावर संयुक्त अरब अमिरातीने २००५ मध्ये मुलांच्या वापरावर बंदी आणली आणि युनिसेफच्या मदतीने एक हजारांहून जास्त मुलांना मायदेशी पाठवण्यात आलं. कतारनेही त्याच वर्षी बंदी घातली. आज तिथे उंटांच्या पाठीवर रिमोटने चालणारे छोटे रोबोट असतात.

अमेरिकेतल्या वीकेंडच्या हौशी स्पर्धेची या तस्करीशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. तिथे मुलं आपल्या आई-वडिलांसोबत आनंदाने येतात. तरी एक धागा सारखा आहे. मुलाने थांबायचं की नाही, हे ठरवणारा मोठा माणूस स्वतःच त्या शर्यतीत गुंतलेला असला, तर मुलाच्या बाजूने कोण बोलणार?

भारताने हा प्रश्न आधीच पाहिलाय

घोड्यांवर नाही, पण पायी. २००६ मध्ये ओडिशातला बुधिया सिंग हा चार वर्षांचा मुलगा पुरी ते भुवनेश्वर असं सुमारे ६५ किलोमीटरचं अंतर सात तासांत धावला. देशभर कौतुक झालं. पण त्याच वेळी हे मुलाच्या शरीराला झेपणारं आहे का, असा प्रश्नही उभा राहिला. त्याची वैद्यकीय तपासणी झाली आणि ओडिशा सरकारने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. २०१६ मध्ये त्याच्या गोष्टीवर मनोज वाजपेयी यांचा हिंदी चित्रपटही आला. बुधियाला धावायला आवडत होतं की नाही, यावर खूप चर्चा झाली. पण चार वर्षांच्या मुलाचं ‘मला आवडतं’ हे मोठ्यांना खूश करण्यासाठीचं ‘मला आवडतं’ही असू शकतं.

आपला बालकामगार प्रतिबंधक कायदा १९८६ चा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. त्याला अपवाद ठेवले आहेत, त्यात सर्कस वगळता मनोरंजन आणि क्रीडा क्षेत्रातलं कामही येतं. पण तिथे अटी आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध तर नाहीच.

या अटी कामासाठी आहेत, हौसेने खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी नाहीत. तरी त्या मापाने बघा. पैसे घेऊन काम करणाऱ्या बालकलाकाराला पाच तासांनी घरी पाठवावं लागतं आणि हौशी बालस्वार आठव्या तासालाही खोगिरावर असतो.

महाराष्ट्राला घोड्यांचं वावडं कधीच नव्हतं. भीमथडीची तट्टं इतिहासात प्रसिद्ध आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही मोठा घोडेबाजार भरतो. शहरांजवळ घोडेस्वारीचे वर्ग चालतात. लांब पल्ल्याच्या स्पर्धांकडे वळणारी मुलं आपल्याकडेही असतील. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून फार दूर नाही.

मग उत्तर काय?

सुरुवातीला म्हटलेली सुटून जाणारी गोष्ट ती हीच. घोडा बोलू शकत नाही म्हणून या खेळाने त्याच्यासाठी तटस्थ डॉक्टर ठेवला, ठोक्यांचा आकडा ठरवला, वयाची मर्यादा महिन्यांत मोजली. मूल बोलू शकतं, म्हणून त्याच्यासाठी यातलं फारसं काही केलं नाही.

पण मूल खरंच बोलतं का? सोबत बाबा आहेत, पुढच्या थांब्यावर आई वाट बघते आहे, घोड्याची तयारी करण्यात अख्खं वर्ष गेलंय. अशा वेळी दहा वर्षांचं मूल ‘मी दमलोय, मला उतरायचंय’ असं सहज म्हणेल? आणि स्पॉन्सर असलेल्या पालकाला मुलाला थांबवायचं म्हणजे अनेकदा स्वतःलाही मागे राहावं लागतं. त्यामुळे निर्णय निखळ मुलाच्या हिताचा राहीलच असं नाही.

म्हणून फक्त ‘किती वय’ एवढं विचारून भागत नाही. ‘थांबवणार कोण’ हेही विचारावं लागतं. घोड्यासाठी जी पद्धत आहे, तीच मुलासाठी वापरता येईल. प्रत्येक व्हेट गेटवर, पालक नसलेल्या एका जाणत्या माणसाने मुलाला बाजूला घेऊन दोन मिनिटं बघायचं. पाणी प्यायलंय का? खाल्लंय का? सरळ चालता येतंय का? वाटेत पडलं होतं का? पुढे जायचंय का? हा शेवटचा प्रश्न आई-वडिलांच्या समोर विचारायचा नाही. आणि त्या माणसाने ‘बस’ म्हटलं की बस. याला ना मोठा खर्च आहे, ना वेगळी यंत्रणा. घोडा विश्रांती घेत असतो तेव्हा स्वार रिकामाच असतो.

वयाची रेघही हवी. ती ढोबळ असते, पण स्पर्धेच्या सकाळी तिच्याशी हुज्जत घालता येत नाही, हाच तिचा फायदा. टेव्हिसचं १२ आणि एफईआयचं १४ हे आकडे त्यासाठी चांगले आधार आहेत. १२ वर्षांखालच्या मुलांनी ८० किलोमीटरच्या स्पर्धेत उतरू नये आणि त्यापुढचं अंतर वयाबरोबर टप्प्याटप्प्याने वाढावं, असं म्हणायला वर पाहिलेली कारणं पुरेशी आहेत.

याचा अर्थ लहान मुलांनी घोड्याकडे फिरकूच नये असा नाही. अनेक ठिकाणी १५-२० किलोमीटरच्या, क्रमांक नसलेल्या राईड्स होतात. ब्रिटनमध्ये तर ठरावीक वेगमर्यादेत, घोडा तंदुरुस्त ठेवून अंतर पूर्ण करायचं, कोणाच्या पुढे जायचं नाही, अशी पद्धत रुळलेली आहे. जबाबदारी, घोड्याशी मैत्री, कुटुंबाबरोबरचा दिवस हे समर्थक सांगतात ते सगळे फायदे तिथेही मिळतात. त्यासाठी आठ तास आणि घड्याळ लागत नाही.

तुमच्या मुलाला अशा राईडला पाठवायचं असेल तर

- मूल चालत्या, दुडक्या आणि भरधाव घोड्याला एकट्याने थांबवू शकतं का, हे प्रशिक्षकाकडून पडताळून घ्या. तुमच्या अंदाजावर जाऊ नका.
- घोडा वयाने मोठा, शांत आणि त्या अंतराचा अनुभव असलेला हवा. नवं मूल आणि नवा घोडा ही जोडी नको.
- हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. सायकलचं किंवा बाईकचं चालत नाही. एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला.
- रिकीब मुलाच्या पावलाच्या मापाची आणि सुरक्षित प्रकारची आहे का ते बघा. बुटाला टाच हवी.
- डोक्याला मार लागला आणि जराही शंका असली, तर त्या दिवशी परत घोड्यावर बसवू नका. मूल ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरीही.
- निघण्याआधीच मुलाला सांगा की कुठल्याही थांब्यावर उतरायची मुभा आहे आणि त्यावर कुणी रागावणार नाही. मग खरोखर उतरलं, तर रागावू नका.

एन्ड्युरन्स रायडिंग हा मुळात संयमाचा खेळ आहे. त्यातला चांगला स्वार तो, ज्याला आपला घोडा कधी थांबवायचा हे कळतं. आपल्या मुलाला कधी थांबवायचं, हे त्याच्या सोबतच्या मोठ्यांना त्याच्याही आधी कळायला हवं.